ज्युपिटर नोटबुकमध्ये कुठला व्हेरिएबल कधी बनला ते कसं बघायचं

नोटबुकमध्ये काम करताना एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, स्क्रीनवर दिसतो तो कोड आणि कर्नलच्या (मागे राहून कोड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेमरीत असतात ते व्हेरिएबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेल (कोड लिहायचा एक चौकोन) डिलीट केला तरी त्यात बनलेला व्हेरिएबल कर्नल चालू आहे तोवर राहतोच, मग खालचे सेल आज मस्त चालतात आणि उद्या कर्नल रिस्टार्ट केला की नेम एरर, म्हणजे हे नावच सापडत नाही अशी चूक.

उदाहरण आपल्या पावसाचं घेऊया. गोव्यात पेपरात पाऊस इंचात येतो, पणजीला इतके इंच, वाळपईला इतके, आणि प्रोजेक्टमध्ये लागतो मिलिमीटर. समजा पहिल्या सेलमध्ये पाऊस = 118 लिहिलं आणि दुसऱ्यात पाऊस = पाऊस * 25.4 (पायथन 3 ला देवनागरी नावं चालतात), उत्तर 2997.2, बरोबर. आता दुसरा सेल परत एकदा रन झाला की तोच आकडा 76128.88 होतो आणि एरर काहीच येत नाही, हे जास्त वाईट, कारण एरर आली असती तर निदान कळलं असतं. म्हणून जुन्याच नावात नवीन किंमत भरू नका, पाऊस_इंच वेगळा आणि पाऊस_मिमी वेगळा ठेवा, मग सेल कितीही वेळा रन करा, उत्तर तेच.

आता बघायचं कसं. सेलच्या डावीकडे चौकटी कंसात नंबर असतो तो रन झाल्याचा क्रम, वरून खाली 3, 9, 4 असं दिसलं की समजा उड्या मारून रन झालंय. मग रिकाम्या सेलमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून हूज (%whos) टाइप करा, मेमरीतल्या व्हेरिएबलची नावं, टाइप आणि थोडी माहिती अशी यादी येते. नुसतं हू (%who) लिहिलं तर फक्त नावं. व्हीएस कोडमध्ये व्हेरिएबल पॅनल आहे, कोलॅबमध्ये पण डावीकडे आहे, ज्युपिटरलॅबमध्ये डीबगर ऑन केला की दिसतं. पण या सगळ्यात आत्ता काय आहे एवढंच कळतं, कुठल्या सेलने बनवलं ते नाही.

ते हवं असेल तर आयपायथनचे (नोटबुकमधला पायथन कोड चालवणारा भाग) इव्हेंट वापरा, मला तरी हीच पद्धत सगळ्यात कामाची वाटते. प्री रन सेल (pre_run_cell, सेल रन होण्याआधी) नावाच्या इव्हेंटवर एक छोटं फंक्शन रजिस्टर करायचं जे यूजर नेमस्पेसमधली (तुमचे व्हेरिएबल जिथे साठतात ती जागा) सगळी नावं आणि त्यांचे आयडी (मेमरीतल्या वस्तूचा ओळख क्रमांक) एका डिक्शनरीत ठेवेल, आणि पोस्ट रन सेलवर (post_run_cell, रन झाल्यावर) दुसरं, जे परत तेच वाचून फरक प्रिंट करेल, नवीन आलेलं नाव, गेलेलं नाव, आयडी बदललेलं नाव. अंडरस्कोरने सुरू होणारी नावं गाळा, ती बरीचशी आयपायथनच हिस्ट्रीसाठी बनवतो, नाहीतर प्रत्येक सेलखाली कचरा येईल. रजिस्टर करणारा सेल दोनदा रन केला तर फंक्शन नवीन बनतं आणि जुनं पण चालूच राहतं, मग सगळं डबल प्रिंट होतं, म्हणून आधी जुनं अनरजिस्टर करून मगच नवीन लावा.

यात एक भोक आहे. लिस्टमध्ये अपेंड केलं किंवा डेटाफ्रेमला (पांडास लायब्ररीतला तक्ता) नवीन कॉलम जोडला तर आयडी तोच राहतो, बदल पकडला जात नाही. डेटाफ्रेमसाठी शेप (किती ओळी, किती कॉलम) आणि कॉलमची नावं पण साठवा, लिस्टसाठी लांबी, बहुतेक कामाला एवढं पुरतं.

काही जण "नाव आधीच असेल तर परत बनवू नको" अशी इफ टाकतात. मोठी फाइल परत लोड व्हायला नको म्हणून ठीक, पण बाकी ठिकाणी टाळा, कारण वरची किंमत बदलली तरी मेमरीतली जुनीच वापरली जाते.

2019 मध्ये गिटहबवरच्या (लोक कोड ठेवतात ती साइट) नोटबुकांचा मोठा अभ्यास झाला होता, रन करून बघितलेल्यांपैकी साधारण 24 टक्केच एररशिवाय पूर्ण चालल्या आणि जुनंच उत्तर परत आलं ते फक्त 4 टक्क्यांत. कारणं बरीच, लायब्ररी नसणं वगैरे, पण नेम एररपण त्यात भरपूर. म्हणून सरांना किंवा टीमला फाइल देण्याआधी रिस्टार्ट करून रन ऑल कराच. रिसेट (%reset) कमांडने नावं पुसली जातात पण इम्पोर्ट केलेली मॉड्यूल मेमरीत तशीच राहतात, त्यामुळे तिच्यावर भागवू नका, कर्नलच रिस्टार्ट करा.