मुलांचे प्रकल्प, चित्रं आणि प्रयोग : या चुका टाळा

पाचवीतल्या एका मुलाच्या वहीत खोडलेला आकडा दिसला आणि मी थांबले. प्रयोग साधा होता. घेवड्याच्या बिया दोन कुंड्यांत लावायच्या, एक कुंडी खिडकीत आणि एक बंद कपाटात ठेवायची, रोज उंची मोजायची. दहाव्या दिवशी खिडकीतलं रोप 9 सेंटिमीटर होतं. कपाटातल्या रोपासमोर 5 लिहिलेलं होतं, पण कागदावर आधीचा 17 चा ठसा स्पष्ट उमटलेला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, ते चुकलं होतं. उजेड नसेल तर रोप वाढत नाही ना?"

त्याचा 17 बरोबर होता. अंधारातलं रोप सुरुवातीला उजेडातल्या रोपापेक्षा उंच होतं. बीमध्ये साठवलेलं अन्न ते उजेड शोधण्यासाठी खोडाची लांबी वाढवण्यात खर्च करतं. म्हणून खोड बारीक आणि फिकट राहतं, पानं इवलीशी राहतात, आणि साठा संपला की रोप मान टाकतं. एवढी सुंदर गोष्ट त्या मुलाला स्वतःच्या पट्टीवर दिसली होती आणि त्याने ती रबराने पुसून टाकली. चूक माझी होती. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच मी फळ्यावर निष्कर्ष लिहून दिला होता.

तेव्हापासून मी मुलांच्या कामाकडे बघताना एकच गोष्ट तपासते : यातला निर्णय कुणाचा? काय मोजायचं, कुठला रंग घ्यायचा, गोष्ट कुठे संपवायची हे मुलाने ठरवलं असेल, तर काम वाकडंतिकडं झालं तरी त्यातून शिकणं होतं. खाली ज्या चुका सांगते आहे, त्यांतल्या बऱ्याचशा हा निर्णय मुलाच्या हातून काढून घेतल्यामुळे होतात. काही मात्र निव्वळ साहित्याच्या आणि हाताच्या आहेत. त्याही महत्त्वाच्या. डिंक धरला नाही म्हणून तास वाया गेला की मुलाला वाटतं, आपल्याला जमतच नाही.

निष्कर्ष आधी, प्रयोग नंतर

वहीत दोन रकाने करा : "मला काय वाटतं" आणि "मला काय दिसलं". पहिला रकाना प्रयोगाआधी भरायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. अंदाज चुकला तर गुण जात नाहीत, हे मुलांना तोंडाने सांगून पुरत नाही. एक-दोनदा वर्गात चुकलेल्या अंदाजावरच सगळ्यात जास्त वेळ बोललो की मग त्यांना खरं वाटतं. आणि नोंदी पेनाने करायच्या. आकडा बदलायचा असेल तर एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा, जुना वाचता आला पाहिजे. प्रयोगशाळेतही नोंदी अशाच ठेवतात.

रोपांच्या प्रयोगात आणखी तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, कुंडीत एकच बी लावणं. ती रुजली नाही तर सगळंच संपतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी निदान आठ-दहा बिया हव्यात. दुसरं, बी पाण्यात बुडवून ठेवणं. रुजणाऱ्या बीला हवा लागते. बी कापसावर रुजवत असाल तर कापूस ओला हवा, पण दाबल्यावर पाणी निथळता कामा नये. बुडालेली बी दोन-तीन दिवसांत कुजून वास मारू लागते. तिसरं, एकाच वेळी दोन गोष्टी बदलणं. कपाटातल्या कुंडीला पाणी घालायचं राहून गेलं, तर रोप अंधारामुळे मेलं की तहानेमुळे, हे कुणीच सांगू शकत नाही.

लिंबाची बॅटरी पेटत नाही

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यात जास्त रडू याच प्रकल्पामुळे येतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एका लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचला की साधारण 0.9 व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला पेटायला 1.8 ते 2 व्होल्ट लागतात. म्हणजे एका लिंबावर तो पेटणारच नाही. तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडा : पहिल्याचं तांबं दुसऱ्याच्या जस्ताला, दुसऱ्याचं तांबं तिसऱ्याच्या जस्ताला. टॉर्चचा छोटा बल्ब तर दहा लिंबं लावली तरी पेटत नाही, कारण त्याला लागणाऱ्या प्रवाहापुढे लिंबातून येणारा प्रवाह अगदीच किरकोळ असतो. इथे बल्बचा हट्ट सोडून एलईडीच घ्यावा.

तरीही पेटला नाही तर क्रमाने बघा. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या टोकाला जोडलाय ना? उलटा जोडला तर तो गप्प बसतो. लिंबाच्या आत खिळा आणि पट्टी एकमेकांना टेकली आहेत का? दोन्ही जवळ हवीत, पण स्पर्श नको. लिंबू टेबलावर तळहाताने नीट रगडून मऊ केलंय का? आतल्या पडद्या फुटून रस मोकळा झाला की प्रवाह सुधारतो. खिळा खरंच जस्ताचा मुलामा असलेला आहे की साधा लोखंडी? आणि तारेवरचं वेष्टण टोकांना पूर्ण सोललंय का? लाखेचा मुलामा असलेली तार दिसायला उघडी वाटते, पण घासकागदाने टोकं घासल्याशिवाय तिच्यातून वीज जात नाही. पाचांतलं एक कारण हमखास सापडतं. ते मुलाला शोधू द्या. अंधाऱ्या खोलीत एलईडी मिणमिणला तेव्हा ज्याने तो स्वतः दुरुस्त केला होता त्याचा चेहरा बघावा.

एलईडी पेटल्यावरही एक चूक उरते, ती तक्त्यावर लिहिलेली असते : "लिंबामध्ये वीज असते." वीज लिंबात साठवलेली नसते. जस्त रसात हळूहळू विरघळतं आणि त्या रासायनिक क्रियेतून ऊर्जा मिळते. लिंबाचा आंबट रस दोन धातूंमधला दुवा असतो. त्यात जस्त उतरलेलं असल्यामुळे ती लिंबं नंतर खायची नाहीत, हेही मुलांना सांगायला हवं.

सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीची गतही हीच. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे. खऱ्या ज्वालामुखीत वितळलेल्या खडकात विरघळलेले वायू दाब कमी होताच बाहेर उसळतात, तिथे आम्ल आणि सोडा नसतो. मुलाने डोंगर रंगवण्यात चार दिवस घालवले आणि फेस चार सेकंदांत संपला, तर हाती काय लागलं? डोंगर बाजूला ठेवा, साधी उंच बाटली घ्या, आणि विचारा : व्हिनेगर कोमट केलं तर फेस जास्त उंच जाईल का? आता तो प्रयोग झाला.

माती, रंग, लगदा

मातीच्या मूर्तीचा हात गळून पडतो कारण तो नुसता दाबून चिकटवलेला असतो. दोन्ही बाजूंना काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, त्यावर पातळ केलेल्या मातीचा काला लावावा आणि मग हात जोडून सांधा बोटाने लिंपून घ्यावा. तडे जातात ते बहुतेक वेळा घाईमुळे : बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओलाच असतो, आणि बाहेरचा फाटतो. वस्तू उन्हात ठेवू नका. प्लॅस्टिकखाली सैल झाकून दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. बोटापेक्षा जाड गोळा असेल तर आतून पोकळ करा.

जलरंगात कागद फुगतो आणि मुलांना वाटतं आपण पाणी जास्त घातलं. बऱ्याचदा दोष कागदाचा असतो. छपाईचा नेहमीचा कागद 80 जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 80 ग्रॅम) असतो, जलरंगासाठीचा जाड कागद 300 जीएसएमचा. पाणी लागलं की तंतू फुगणारच. जाड कागद नसेल तर आहे तो चारी कडांनी चिकटपट्टीने फळीवर चिकटवा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. चित्र चिखलासारखं होत असेल तर पहिला थर वाळलेला नाही, नाहीतर ब्रश धुवायचं पाणी बदललेलं नाही. लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले की तपकिरी होणारच. हे एकदा मुलांना मुद्दाम करू द्या. पुढे ते चुकून होत नाही.

कागदाच्या लगद्याचे मुखवटे आतून बुरसतात, कारण सगळे थर एकाच दिवशी चढवलेले असतात. दोन थर, पूर्ण वाळवण, मग पुढचे दोन.

"असं नाही, असं काढ"

सहा-सात वर्षांचं मूल आकाश म्हणून कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी काढतं, जमीन खाली, आणि मधे मोकळी जागा. घर काढलं तर भिंतीतून आतली माणसं दिसतात. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-हेन्री ल्यूके यांनी 1920 च्या दशकातच हे नीट मांडलं होतं : या वयात मूल डोळ्यांना दिसतं तसं काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढतं. आत माणसं आहेत हे त्याला माहीत आहे, म्हणून ती चित्रात येतात. यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. वय वाढलं की हे आपसूक बदलतं.

मोठ्या माणसाने पेन्सिल हातात घेऊन मुलाच्या कागदावर एक रेघ ओढली की चित्र तिथेच थांबतं. पुढच्या वेळी मूल कागद आपल्याकडे सरकवतं, "तुम्हीच काढून द्या." माझा नियम आहे : दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखवायचं आणि तो कागद नंतर काढून घ्यायचा. त्याहून बरं म्हणजे विचारणं. "मांजर उडी मारताना तिचे मागचे पाय कुठे असतात?" मूल स्वतः उडी मारून बघतं आणि मग काढतं.

बक्षिसाचं आमिष

याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि त्याला आधारही आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना आधीच सांगितलं होतं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आमिष दाखवलेल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्र काढत होती. आवडीचं काम मजुरीचं झालं होतं.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. पण रोजच्या कामाला तारे, शिक्के, पहिला-दुसरा नंबर लावू नका. मुलाने काय केलं ते नेमकं सांगा : "नदीच्या दोन्ही काठांना वेगवेगळा हिरवा घेतलास." एवढं पुरतं. "छान" या शब्दाने मुलाला काहीच कळत नाही.

गटात काम, पण एकाचंच

ज्या मुलीचं अक्षर सुंदर ती वर्षभर तक्ते लिहिते, ज्याला बोलता येतं तो वर्षभर बोलतो, आणि दोघं वर्षभर कात्री-डिंक आणून देतात. प्रकल्प उत्तम दिसतो. चार मुलांपैकी प्रत्येकाला आधी येत होतं तेच येतं. भूमिका फिरत्या ठेवा आणि गटात चौघांपेक्षा जास्त नकोत. सादरीकरणाच्या वेळी प्रश्न अशाला विचारा ज्याने तो भाग केलेला नाही. गट एकमेकांना शिकवू लागतो, कारण शिकवल्याशिवाय सुटका नसते.

उतरवलेलं लेखन

मुलं इंटरनेटवरून परिच्छेद उतरवतात आणि आपण रागावतो. पण "पाणी वाचवा" या विषयावर मूल स्वतःचं काय लिहिणार? विषय इतका मोठा की त्यात त्याला उभं राहायला जागाच नाही. "आज घरात पाणी कुठे कुठे वाया गेलं ते मोज आणि लिही" म्हटलं तर उतरवायला काही सापडतच नाही.

दुसरी अडचण वाचकाची. शिक्षक वाचतात, लाल खुणा करतात, वही बंद होते. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने 1920 च्या दशकात आपल्या गावशाळेत एक छोटं छपाई यंत्र आणलं. मुलं स्वतःच्या अनुभवावर लिहीत, वर्ग मत देऊन एक लेख निवडत असे, सगळे मिळून तो दुरुस्त करत आणि छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून छापत. छापलेली पानं दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवली जात आणि तिकडची पानं इकडे येत. खिळे जुळवताना जास्तीचा शब्द बोटांना जड लागतो, आणि पलीकडे वाचणारं कुणीतरी आहे म्हटल्यावर वाक्य नीट करावंसं वाटतं. यंत्र नसलं तरी चालेल. शेजारच्या तुकडीला पत्र, धाकट्या वर्गासाठी गोष्टींची शिवलेली वही, एवढ्यानेही फरक पडतो. आणि पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाच्या खुणा करू नका. आधी विचारा, "मग पुढे काय झालं?" शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात बघता येतं.

काम संपल्यावर

वर्ष संपताना निम्मी कामं रद्दीत जातात आणि उरलेल्यांवर नाव-तारीख नसते. मागच्या बाजूला पेन्सिलने तीन गोष्टी लिहून ठेवा : तारीख, मुलाचं वय, आणि चित्राबद्दल ते मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत. निवड मात्र मुलालाच करू द्या. घेवड्याच्या नोंदींची ती वही त्या मुलाने निवडून ठेवली होती. 5 वर एक रेघ होती आणि शेजारी पेनाने पुन्हा 17 लिहिलेलं होतं.