जर्मनीतला पगार मी कापला, तेव्हा

जर्मनीत पहिला माणूस नेमला आणि चौथ्याच महिन्यात घोळ घातला. सुट्टीवर असतानाच तो तापाने आडवा झाला, पुढेही चार दिवस कामावर आला नाही. मी सुट्टीतले आजारी दिवस रजेत धरले, वरच्या चार दिवसांचा पगार कापला. जुनी सवय! त्याने डॉक्टरांचा दाखला शांतपणे पाठवला. पगारपत्रक बघणाऱ्या बाईंनी मग माझीच शाळा घेतली: नोकरीला 4 आठवडे झाले की आजारपणात 6 आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकाने द्यायचा, आणि दाखला असेल तर सुट्टीतले आजारी दिवस रजेतून वजा होत नाहीत. पुढच्या पगारात फरक दिला, रजा परत जमा केली. करारात रजाही 15 दिवसच लिहिली होती. पाच दिवसांच्या आठवड्याला किमान 20 लागते. तीही दुरुस्त केली.