अर्थशास्त्र आणि बिझनेस स्टडीज एकत्र घेताय? या चुका टाळा

"अर्धे विषय सारखेच आहेत, मग दोन मेजर (मुख्य विषय) का नको?" हा हिशेब पहिल्या वर्षापुरता जुळतो. संख्याशास्त्र, सूक्ष्म अर्थशास्त्र, प्राथमिक गणित दोन्हीकडे लागतं, हे खरं. पण एकच कोर्स दोन्ही मेजरमध्ये धरायला बऱ्याच विद्यापीठांत मर्यादा असते. शिवाय बिझनेस विभागाचं संख्याशास्त्र पुढच्या अर्थमितीला (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचा विषय) चालेलच असं नाही. सीनियर काय म्हणतात त्यावर जाऊ नका. दोन्ही विभागांना ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसरी चूक गणित मागे टाकण्याची, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच. अर्थशास्त्राचे पेपर साखळीने येतात: आधी कलनशास्त्र (कॅल्क्युलस), मग मध्यम स्तरावरचं सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्रानंतर अर्थमिती. मार्केटिंग किंवा एचआर एक सत्र इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. कलनशास्त्र राहिलं आणि तो कोर्स वर्षातून एकदाच असेल, तर मागची सगळी गाडी वर्षभर अडकते. म्हणून वेळापत्रक शेवटच्या सत्रापासून उलटं मांडा. अर्थशास्त्रात पुढे मास्टर्स करायचं असेल तर रेषीय बीजगणितही त्यात बसवा; बिझनेसची बाजू ते तुमच्याकडून मागणार नाही.

तिसरी चूक परीक्षेत दिसते. समजा, एका छोट्या धंद्याची वर्षाची विक्री 100, माल-भाडं-पगार मिळून खर्च 80. अकाउंटिंगच्या पेपरात नफा 20. पण मालकाने त्यासाठी 15 पगाराची नोकरी सोडली आहे आणि धंद्यात घातलेल्या स्वतःच्या पैशावर दुसरीकडे 8 मिळाले असते. अर्थशास्त्राच्या पेपरात हे 23 सुद्धा खर्चात येतात, म्हणजे उत्तर उणे 3. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. वहीखात्यात आणि करासाठी पहिला आकडा धरून चालतात, धंदा चालू ठेवण्यात अर्थ आहे का हे दुसरा सांगतो. गुण जातात ते एकाच्या पेपरात दुसऱ्याचं उत्तर लिहिल्यामुळे. म्हणून उत्तराच्या पहिल्याच ओळीत कोणता नफा काढताय ते लिहायची सवय लावा.

याच्या उलट चूकही होते: दोन विषय दोन कप्प्यांत कोंबून ठेवायचे. एखाद्या उद्योगात स्पर्धा किती तीव्र आहे हे तपासणाऱ्या, स्ट्रॅटेजीचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांच्या 'पाच शक्ती' मांडणीचं मूळ औद्योगिक अर्थशास्त्रात आहे. नव्या स्पर्धकांना रोखणारे अडथळे तिथूनच आले. सगळंच बाजारातून विकत घेता येत असताना कंपन्या मुळात असतात कशाला, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी 1937 मध्ये विचारला. आउटसोर्सिंगवरच्या केस स्टडीत आजही तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. स्ट्रॅटेजीच्या वर्गात हा धागा धरणारी मुलं फार थोडी असतात. खरं तर डबल मेजरचा फायदा इथेच आहे, सीव्हीवरच्या जास्तीच्या ओळीत नाही.

शेवटच्या वर्षात दोन प्रबंध एकाच सत्रात घेऊ नका. विभाग परवानगी देत असतील तर दोन्हीकडे चालेल असा एकच विषय निवडा, उदाहरणार्थ किंमत वाढल्यावर मागणी किती घटते. आणि दुसऱ्या वर्षाअखेर दोन्हीकडचे गुण घसरत असतील, तर एक मेजर मायनर (दुय्यम विषय) करून घ्या. घेतलेले क्रेडिट बहुधा त्यातच जिरतात, मात्र अर्जाची मुदत आधी बघा.