यीस्टचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचायला घेताय? आधी ग्लिसरॉलची प्लेट ओता

यीस्टच्या वेगवेगळ्या स्ट्रेन्समधला मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासायचा म्हटलं की सिनियर हमखास सांगतात, "छोटासा जीनोम आहे, लवकर उरकेल." एस२८८सी या रेफरन्स स्ट्रेनमध्ये तो जेमतेम ८६ हजार बेसचा, हे खरं. पण त्यात ए-टी ८० टक्क्यांच्या वर, शिवाय मध्ये मध्ये जी-सीचे पुंजके. छोट्या रीड्स (डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे) तिथे कुठे चिकटतील याचा नेम नाही. परवडत असेल तर लांब तुकडे वाचणारं लाँग-रीड सिक्वेन्सिंग घ्या.

खरा घात मात्र सिक्वेन्सिंगच्या आधीच होतो: पेटिट, म्हणजे मायटोकॉन्ड्रियल डीएनए बिघडल्यामुळे श्वसन करू न शकणारी पेशी.

यीस्टला ग्लुकोज मिळालं की श्वसनाविना भागतं, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा मोठा भाग गमावलेली पेशीसुद्धा वायपीडीवर (ग्लुकोजच्या नेहमीच्या प्लेटवर) मजेत जगते, फक्त कॉलनी लहान येते. लॅबच्या स्ट्रेन्समध्ये शंभरात एखादी पेशी अशी निघतेच. एस२८८सीत जास्तच, कारण मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या प्रती काढणारं पॉलिमरेज बनवणारं तिचं एमआयपी१ जनुक जरा कमजोर आहे. नेमकी तीच कॉलनी उचलली तर पुढचं अख्खं कल्चर पेटिट. अशा पेशींत बहुधा डीएनएचा एखादाच तुकडा उरतो आणि तोच पुन्हा पुन्हा जोडला जातो. त्यामुळे कव्हरेजच्या (कुठला भाग किती वेळा वाचला गेला याच्या) आलेखात एका जागी उंच सुळका आणि बाकी सपाट शून्य. सॉफ्टवेअर बिचारं इमानदारीने लिहितं: डिलीशन (तुकडा गायब), कॉपी नंबर वाढ (जास्तीच्या प्रती). मी त्यावर अनुकूलनाची थिअरीसुद्धा रचायला घेतली होती. तो निसर्गातला फरक नव्हताच, माझ्या प्लेटवर तयार झालेला होता.

म्हणून फ्रीझरमधला स्टॉक थेट ग्लिसरॉलच्या प्लेटवर स्ट्रीक करा. ग्लिसरॉलवर श्वसनाशिवाय भागत नाही, त्यामुळे पेटिट तिथे वाढतच नाही. तिथली एकच कॉलनी घ्या, लिक्विड कल्चरही ग्लिसरॉलमध्येच वाढवा. वाढ रडतखडत होते, वैताग येतो, तरी थांबा. फ्रिजमधल्या जुन्या वायपीडी प्लेटवरून डीएनए काढायचा शॉर्टकट कुणी कितीही प्रेमाने सुचवला तरी ऐकू नका. माझ्या मते हे शिकायला मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा रोज प्लेट्स ओतणारा लॅबमेट जास्त उपयोगाचा.

ग्लिसरॉलवर वाढ झाली नाही म्हणून लगेच हताश होऊ नका. दोष केंद्रकातल्या जनुकातही असू शकतो. मायटोकॉन्ड्रियल डीएनए अजिबात नसलेल्या, पण केंद्रकाने धडधाकट अशा टेस्टर स्ट्रेनशी क्रॉस करा. क्रॉसमधून झालेला डिप्लॉइड (दोन्ही स्ट्रेन्सच्या जनुकांची पेशी) ग्लिसरॉलवर वाढला तर तुमच्या स्ट्रेनचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए शाबूत आहे.

एवढं सांभाळलंत तर बाकीचं निभावतं. एस२८८सीत मायटोकॉन्ड्रियल जनुकांपैकी कॉक्स१मध्ये ७, सीओबीमध्ये ५ आणि २१एस आरआरएनएमध्ये १ इंट्रॉन (जनुकाच्या मधला, नंतर कापून टाकला जाणारा तुकडा) आहे. तुमच्या स्ट्रेनमध्ये यातले काही नसतील, तर जनुक तुटलंय असं समजू नका. हे इंट्रॉन स्ट्रेनगणिक बदलतात. जनुकावरून प्रथिनाचा क्रम काढताना (ट्रान्सलेशन) जेनेटिक कोडचं टेबल ३ निवडा, नाहीतर यूजीए ही तीन अक्षरं जिथे येतील तिथे प्रथिन संपल्याचे खोटे स्टॉप दिसतील. आणि माणसासारखी फक्त आईकडून येणारी वंशावळ इथे शोधू नका. यीस्टमध्ये दोन्ही पालकांचा डीएनए येतो, त्यांची आपसांत अदलाबदलही होते. स्ट्रेन्सच्या नात्यांचं फांद्या फुटत जाणारं झाड काढायचा हट्ट सोडा, फांद्या पुन्हा जुळू देणारं नेटवर्क काढा. गाईड झाडच मागतील. तेव्हा दोन जनुकांची वेगवेगळी झाडं काढून शेजारी शेजारी ठेवा आणि कुठे जुळत नाहीत ते दाखवा.