मों-सँ-मिशेलला जायचं तर आधी भरती पाहा

फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावर, नॉर्मंडी आणि ब्रिटनी जिथे भेटतात त्या खाडीत मों-सँ-मिशेलचं खडकाळ बेट आहे. माथ्यावर मठ, खाली एका रस्त्याचं गाव आणि भोवती तटबंदी. पॅरिसहून सकाळी निघून दुपारी पोहोचणारे आणि संध्याकाळच्या आत परतणारे बहुतेक लोक चारी बाजूंची वाळूच पाहून येतात. फोटोतलं ते पाण्याने वेढलेलं बेट त्यांना भेटतच नाही. हे टाळायचं असेल तर पहिलं काम भरतीचं वेळापत्रक पाहण्याचं. विमानाचं तिकीट आणि हॉटेल त्यानंतर.

तारीख कशी ठरवायची

फ्रान्समध्ये प्रत्येक भरतीला तिच्या जोराप्रमाणे साधारण २० ते १२० मधला एक आकडा देतात. त्याला कोएफिशियंट म्हणतात. मों-सँ-मिशेलच्या पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर दिवसवार भरतीच्या वेळा आणि हा आकडा मिळतो. आकडा ९०च्या वर असेल तर पाणी बेटाच्या पायापर्यंत येतं. ११०च्या वर गेला की येण्याजाण्याची वाटही काही काळ पाण्याखाली जाते आणि बेट खऱ्या अर्थाने बेट होतं. असे दिवस वर्षात मोजकेच, आणि त्यांतले सर्वांत मोठे मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास येतात.

कोकणातल्या वाचकांना उधाणाची (मोठी) आणि भांगाची (लहान) भरती समजावून सांगायला नको. हिशोब तोच आहे. फक्त इथलं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी ऐन भरात येतं, म्हणून पंचांग पाहून द्वितीया-तृतीया धरलीत तरी अंदाज चुकायचा नाही. इथला फरक मात्र आपल्या किनाऱ्याच्या कितीतरी पट आहे: ओहोटी आणि भरतीच्या पातळीत १३-१४ मीटरचं अंतर पडतं.

आणखी एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. मोठ्या उधाणाची भरती या खाडीत सकाळी किंवा संध्याकाळी-रात्री पूर्ण होते, भर दुपारी नाही. त्यामुळे दुपारच्या सहलीत ती दिसणं जवळजवळ अशक्य. एक रात्र तिथे राहाच. बेटावरची हॉटेलं थोडी आणि महाग आहेत. मुख्य भूमीवर वाहनतळाजवळ किंवा ९ किलोमीटरवरच्या पोंतोरसों गावात राहिलात तरी चालेल.

पोहोचायचं कसं

पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून वेगवान रेल्वेने रेन शहर गाठायचं, साधारण दीड तास. तिथून थेट बस सव्वा तासाच्या आसपास घेते. रेल्वे आणि बसच्या वेळा जुळताहेत का ते आधीच पाहा. गाडीने आलात तर ती बेटापासून अडीच किलोमीटरवर ठेवावी लागते. पुढे मोफत शटल बस आहे. पण सामान कमी असेल तर चालतच जा, पाऊण तासाच्या आत पोहोचाल. पावलागणिक बेट मोठं होत जातं, आणि ते बसच्या खिडकीतून नीट दिसत नाही.

ही वाट म्हणजे खांबांवर उभा केलेला हलका पूल. तो २०१४ साली खुला झाला. त्याआधी १८७९ साली बांधलेला भरावाचा रस्ता होता. त्याने पाण्याला आडकाठी केली, गाळ साचत गेला आणि बेट हळूहळू जमिनीला जोडलं जाऊ लागलं. म्हणून कुएनों नदीवर नवं धरण बांधलं. ते भरतीचं पाणी साठवून ओहोटीला सोडतं आणि गाळ समुद्राकडे ढकलतं. मग जुना भराव उखडून टाकला. एवढा खर्च आणि एवढी वर्षं केवळ समुद्राला त्याची जागा परत द्यायला घातली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गावात शिरल्यावर

बेटावर जायला तिकीट नाही, मठाला आहे. ते ऑनलाइन वेळेसह काढून ठेवा. प्रवेशाशी दोन जुन्या तोफा दिसतील. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी वेढा घातला, पण बेट काही पडलं नाही. १४३४ साली माघार घेताना या तोफा इथेच राहिल्या. पुढचा मुख्य रस्ता अरुंद आणि दुकानांनी भरलेला आहे. गर्दी असेल तर सरळ तटाच्या जिन्याने फांजीवर चढा आणि तिथूनच मठाकडे जा. मठापर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवून निघावं.

मठ पाहताना

मे ते ऑगस्ट मठ सकाळी ९ ते संध्याकाळी ७ आणि एरवी साडेनऊ ते ६ उघडा असतो. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद. दोन तास तरी द्याच.

कथा अशी की ७०८ साली जवळच्या आव्रांश गावचे बिशप ओबेर यांना देवदूत मिखाएलने स्वप्नात तीनदा आज्ञा केली, तेव्हा इथे पहिलं प्रार्थनास्थळ उभं राहिलं. ९६६ साली बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू आले आणि १०२३च्या सुमारास मोठ्या चर्चचं काम सुरू झालं. खडकाचं टोक निमुळतं आणि चर्च लांबलचक. मग टोकाभोवती चहूबाजूंनी तळघरं बांधून त्यांच्या पाठीवर चर्च तोललं. जाड खांबांच्या तळघरात उतराल तेव्हा डोक्यावर अख्खं चर्च आहे हे आठवून त्या खांबांकडे बघा.

उत्तरेकडची तीन मजली इमारत ‘मेर्व्हेय’, म्हणजे चमत्कार, या नावाने ओळखली जाते. ती तेराव्या शतकातली. सर्वांत वर ओवऱ्यांनी वेढलेला चौक आहे. त्याचे बारीक खांब दोन ओळींत, एकाआड एक सरकवून उभे केले आहेत, त्यामुळे चालताना खांबांची रांग सतत बदलत राहते. शेजारच्या भोजनगृहाच्या दारात थांबा: खिडक्या दिसत नाहीत, तरी दालन उजेडाने भरलेलं असतं. पुढे गेलात की भिंतीतल्या अरुंद, खोल खिडक्या एकेक करून उलगडतात.

राज्यक्रांतीनंतर १८६३पर्यंत मठाचा तुरुंग होता. सामान वर ओढण्याचं अजस्र लाकडी चाक त्या काळातलं आहे. कैदी आत चालून ते फिरवत. मठात आज पुन्हा साधू-साध्वी राहतात. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, बसायचं असेल तर वेळ आधी पाहून शांतपणे बसा.

खाडीत चालायचं असेल तर

यावर मी जरा आग्रहाने लिहितो. अनवाणी वाळू तुडवत बेटावर जाण्याचा अनुभव घ्यावाच, पण अधिकृत गाइडशिवाय एक पाऊलही टाकू नये. उत्तर किनाऱ्यावरच्या जने गावाजवळून गट निघतात. अंतर साधारण ६-७ किलोमीटर, मध्ये नदीचे प्रवाह ओलांडावे लागतात. अर्धी चड्डी, वाऱ्यासाठी जाकीट, पाणी आणि कोरडे कपडे एवढं पुरे.

भरती घोड्याच्या वेगाने येते असं म्हणतात. खरं तर ती भरभर चालणाऱ्या माणसाइतकीच येते. धोका वेगळाच आहे. पाणी आधी मागच्या खोलगट वाटांमध्ये भरतं, आणि पुढे कोरडी वाळू दिसत असतानाच परतीची वाट बंद होते. वर धुकं उतरलं तर दिशाच कळत नाही. रुतणारी वाळूही आहे. पाय धसला तर स्थिर उभं न राहता पाय हलवत राहायचं आणि शरीराचा भार पसरायचा, हे गाइड प्रत्यक्ष करून दाखवतात. नॉर्मंडीतल्या बायो गावच्या अकराव्या शतकातल्या प्रसिद्ध भरतकामातही इथल्याच वाळूतून सैनिकांना ओढून काढणारा हॅरल्ड, म्हणजे पुढे इंग्लंडचा राजा झालेला सरदार, दिसतो.

उधाण पाहायला भरतीच्या दोन तास आधी उत्तर बुरुजावर जागा धरा. आधी क्षितिजावर एक चमकती रेघ दिसते, मग वळणावळणांनी पाणी आत शिरतं.

दुसरा दिवस हाती असेल तर आव्रांशला जा. क्रांतीच्या काळात मठातली हस्तलिखितं तिथे हलवली, त्यांतली दोनशेच्या आसपास जपली आहेत आणि काही संग्रहालयात पाहता येतात. गावातल्या सँ-जेर्व्हे चर्चमध्ये ओबेर यांची मानली जाणारी कवटी ठेवली आहे. तिला एक भोक आहे, ते देवदूताच्या बोटाचं असं सांगतात. तिथल्या वनस्पती उद्यानातून सगळी खाडी एका नजरेत दिसते आणि गर्दीही फारशी नसते.