पशुधन पदविकेचं पहिलं वर्ष: आधी शुष्क पदार्थाचं गणित

पदविकेला नव्याने प्रवेश घेतलेल्या मुलामुलींचे निरोप येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: कृत्रिम रेतन कधी शिकवतात? निफाड असो, सिन्नर असो की येवला, घरच्यांच्या मनातही हेच असतं की पोरगं गाई भरवायला शिकलं की कमवायला लागलं. मी स्पष्टच सांगते. रेतन हा हाताचा सराव आहे, तो सरावाने येतो. पहिल्या वर्षी मुलं अडकतात ती पशुपोषणात, आणि पशुपोषणातही बहुतेक एकाच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे शुष्क पदार्थ. चाऱ्यातलं पाणी काढून टाकल्यावर जे उरतं ते. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, मलाही होती, आणि तरीही संतुलित आहाराच्या गणिताने मला अख्खं पहिलं सत्र रडवलं. म्हणून हे जरा सावकाश सांगते.

चारशे किलो वजनाची दुभती संकरित गाय घ्या. तिला वजनाच्या साधारण ३ टक्के शुष्क पदार्थ लागतो, म्हणजे रोज १२ किलो. आपल्याकडच्या ढोबळ नियमाप्रमाणे यातला दोन तृतीयांश भाग चाऱ्यातून आणि एक तृतीयांश खुराकातून. म्हणजे चारा ८ किलो, खुराक ४ किलो. चाऱ्याचे पुन्हा तसेच भाग करायचे: वाळलेला ५.३ किलो, हिरवा २.७ किलो. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं.

आता उत्तरपत्रिकेत लिहिलं जातं, "हिरवा मका २.७ किलो द्यावा." इथेच मार्क जातात. गोठ्यात असं केलं तर गाय उपाशी राहते. कारण हे २.७ किलो कोरड्या वजनाचे आहेत. हिरव्या मक्यात शुष्क पदार्थ २० टक्क्यांच्या आसपास, बाकीचं पाणी. मग काट्यावर किती मका टाकायचा? २.७ भागिले ०.२०, म्हणजे साडेतेरा किलो. कडब्यात शुष्क पदार्थ ९० टक्के, म्हणून ५.३ भागिले ०.९०, सहा किलोला थोडा कमी. खुराकही ९० टक्के धरा, ४.४ किलो होतो.

दुसरा घोळ याच्या उलट दिशेने होतो. चाऱ्यांच्या तक्त्यात लसूणघासाची प्रथिनं २० टक्के दिलेली असतात, आणि मुलं २० किलो घासातून ४ किलो प्रथिनं मिळाली असं लिहून मोकळी होतात. तक्त्यातला आकडा शुष्क पदार्थावरचा आहे. २० किलो ताज्या घासात शुष्क पदार्थ ४ किलो, आणि त्याच्या २० टक्के म्हणजे ८०० ग्रॅम प्रथिनं. कुठे ४ किलो आणि कुठे ८०० ग्रॅम!

तर वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा: ओल्या वजनावरून कोरड्याकडे जाताना गुणायचं, कोरड्यावरून काट्यावरच्या वजनाकडे येताना भागायचं. आणि उत्तर आल्यावर एकदा डोळ्यांनी तपासा. ओल्याचं वजन कोरड्यापेक्षा कमी आलं असेल तर गणित उलटं झालंय, आकडा कितीही नीटनेटका दिसो.

एवढ्याने डोक्यात बसत नसेल तर कुट्टी वाळवा. एक किलो हिरव्या मक्याची बारीक कुट्टी करा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, गच्चीवर जुन्या चादरीवर पातळ पसरा. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ती लवकर खडखडीत होते. पुन्हा तोला. पाव किलोच्याही आत येते. प्रयोगशाळेत हेच काम ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंश सेल्सिअसवर, वजन स्थिर होईपर्यंत करतात. उन्हात थोडा ओलावा राहतोच, पण एवढी मोठी रास मुठीएवढी झालेली पाहिली की भागाकार आपोआप सुचतो.

नाशिक जिल्ह्यात हे गणित न येणं फार महागात पडतं. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की क्रेटच्या क्रेट गोठ्यात येतात. २० किलोच्या क्रेटमध्ये शुष्क पदार्थ जेमतेम किलोभर. गाय दोन क्रेट खाते, पोट टम्म दिसतं, मालक समाधानी असतो, आणि हळूहळू दूध उतरतं. अशा माणसाला "टोमॅटो वाईट" म्हणून सांगू नका, तो ऐकणार नाही. एका क्रेटमधलं पाणी किती ते त्याला काढून दाखवा.

कांद्याचं मात्र वेगळं आहे, तिथे थेट नको म्हणा. लासलगावात भाव कोसळले की चाळीतला सडका कांदा जनावरांपुढे ओतला जातो. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे तांबड्या पेशी फुटतात, गाईची लघवी कॉफीसारखी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. गाय याला फार नाजूक, शेळी-मेंढी त्यामानाने काटक. तोंडी परीक्षेसाठी हा प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण लाल लघवी गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिओसिसमध्येही दिसते आणि व्यायल्यानंतर स्फुरद कमी पडल्यानेही दिसते. ताप आहे का, गोचीड आहेत का, व्यायली कधी, खाल्लं काय, हे चार प्रश्न ज्याला सुचले त्याला परजीवीशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि पोषण हे तिन्ही विषय कळले असं मी समजते.

शरीररचनाशास्त्राची भीती बाळगू नका. नावं लांबलचक असली तरी कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट या चौघांची जागा एकदा जनावरावर शोधली की विसरत नाही. गाईच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरा आणि थांबा. आतून काहीतरी संथपणे वर येतं, मुठीला बाहेर ढकलतं आणि ओसरतं. मिनिटाला साधारण एक ते दोन वेळा. हे हाताला समजलं की पोटफुगी आणि अपचनाची पानं वाचताना काय चाललंय ते दिसायला लागतं.

आनुवंशिकी बऱ्याच जणांना कोरडी वाटते. तिच्यातला एकच आकडा मी कायम लक्षात ठेवला: दूध किती द्यायचं याची आनुवंशिकता साधारण पाव. म्हणजे एकाच कळपातल्या गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला बराचसा चारा, पाणी, गोठा आणि काळजी यांचा असतो. महागड्या वळूच्या वीर्याच्या कांड्या भरून वर नुसता उसाचा वाढा टाकणाऱ्यांना हे सांगायला हवं. आणि इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात गेलात तर डांगी गाय नीट बघा. धो धो पावसात भातखाचरात टिकणारं हे जनावर आहे. सगळीकडे होल्स्टिनचा संकर करत सुटण्याला माझा विरोध आहे, आणि तो परीक्षकांसमोरही मी लपवला नाही.

दुग्धशास्त्राचं प्रात्यक्षिक सोपं आहे, फक्त दुधातलं फॅट मोजायच्या गर्बर पद्धतीत क्रम चुकवू नका: आधी आम्ल १० मिली, मग दूध १०.७५ मिली, शेवटी अमाइल अल्कोहोल १ मिली. दूध नळीच्या कडेने हळू सोडा.

आता एक कडक सूचना, आणि यात मी कुणाचंच ऐकून घेणार नाही. गाभडलेल्या गाईला किंवा अडकलेल्या वारेला उघड्या हाताने शिवायचं नाही. शेजारी कोणी "आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो" म्हणालं तरी नाही. गाई गाभडवणाऱ्या ब्रुसेला जंतूचा रोग माणसालाही होतो, ताप पुन्हा पुन्हा येतो, सांधे धरतात, उपचार लांबतो. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची जी लस देतात तीही जिवंत जंतूंची असते, म्हणून सुई बोटात जाणार नाही याची काळजी घ्या. खांद्यापर्यंतचे मोजे खिशात नसतील तर गोठ्यात पाऊल टाकू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत पक्कं आहे. अपेक्षित प्रश्नांच्या पुस्तिका घेऊ नका. त्यातली आहाराची गणितं तयार उत्तरांसकट असतात, आणि परीक्षेत चाऱ्याची टक्केवारी बदलली की सगळं कोसळतं. गुरू शोधायचा तर मोठ्या नावाच्या मागे जाऊ नका. माझं अर्धं शिक्षण दवाखान्यातल्या ड्रेसर काकांकडे झालं. ते आधी थर्मामीटर हातात द्यायचे, मग विचारायचे, "बोल, काय वाटतं?" गाईचं १०१.५ फॅरनहाइटच्या आसपासचं तापमान निरोगी, हे मी पुस्तकाआधी त्यांच्याकडून शिकले. जो माणूस पहिल्याच दिवशी रेतनाची गन हातात देतो, त्याच्यापासून जरा जपून.

आणखी एक. पदविका झाली म्हणजे तुम्ही डॉक्टर झालात असं गावात म्हणतील. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पदविकाधारकाला किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. कोणी "डॉक्टर, तुम्हीच इंजेक्शन द्या" म्हणून गळ घालेल, तेव्हा हे आठवा.

ज्यांचं गणित दहावीपासून कच्चं आहे त्यांनी घाबरू नये. इथे टक्केवारी, गुणाकार आणि भागाकार यापलीकडे काहीच लागत नाही. रोज एक आहार काढा, बास. आज हा घ्या: पाचशे किलोची म्हैस, शुष्क पदार्थ वजनाच्या अडीच टक्के, भाग वरच्याच नियमाने, हिरव्या मक्यात शुष्क पदार्थ २२ टक्के. हिरवा मका साडेबारा किलोच्या आसपास यायला हवा. कडब्याचा आणि खुराकाचा आकडा तुम्ही काढा आणि पायऱ्यांसकट मला पाठवा, मी तपासून देते.