ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं?

पुणे रोडला लागलात की रस्ता मोकळा बघून आधी एक गोष्ट तपासा. ८०च्या वेगात, ब्रेक न दाबताही स्टिअरिंग हलतंय का? हलत असेल तर बहुधा व्हील बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसण्याचा प्रश्न. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल, तर संशय पुढच्या डिस्कवर घ्या, म्हणजे ब्रेक पॅड जिला घासून चाक थांबवतात त्या चकतीवर. स्टिअरिंग स्थिर, पण सीट किंवा पेडल थरथरतंय? मग मागची चाकं बघायला सांगा. (एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल धडधडतं, ते एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम, तो बिघाड नव्हे.)

लोक म्हणतात ‘डिस्क वाकली’. खरं तर बहुतेकदा तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरकही हाताला जाणवतो. म्हणून नुसते पॅड बदलून घेऊ नका. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी जागोजागी मोजायला सांगा, आणि ती फिरताना डगमगते का ते डायल गेज (काट्याचं मापयंत्र) लावून बघायला सांगा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. पंक्चर काढल्यावर त्रास सुरू झाला असेल तर आधी चाकाचे नट समान ताणात आवळून घ्या, तेही आलटून-पालटून समोरासमोरचे.

आणि तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. उतरल्या उतरल्या तापलेल्या चाकांवर पाणी तर मुळीच मारू नका.